शर्यतीचा एक दिवस आणि उरलेले वर्ष

(महाड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर भूगोल शिकवत. रस्ता डोंगर कुठे ओलांडतो, तिथेच का ओलांडतो आणि त्यामुळे पायथ्याच्या गावाचे काय होते, हे ते फळ्यावर काढून दाखवत. आजचा विषय त्याच फळ्यावरचा आहे असे मी मानतो. दरवर्षी भरणारी मोठी मोटारशर्यत आणि तिच्या आधाराने आपले नाव लोकांच्या मनात रुजवू पाहणाऱ्या कंपन्या, हा तो विषय. मी टायरच्या विक्रीत उमेदीची वर्षे काढली. शर्यतीचे स्टिकर वाटले, डीलरांना शर्यतीला नेले, जिंकलेल्या गाडीचे फोटो छापून दुकानोदुकानी लावले. या कामावर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्याबद्दल स्पष्ट बोलायचे आहे.

महाडात हा विषय कशाला, असे काहींनी मला विचारले. कारण साधे आहे. दक्षिणेला कशेडी घाट, पूर्वेला आंबेनळी आणि वरंध घाट, आणि मधून मुंबई–गोवा महामार्ग. मोटारीच्या जाहिरातीत जी वळणे दाखवतात, त्या जातीची वळणे आपल्या उशाला आहेत. गोव्यात रॉयल एनफिल्डचा रायडर मेनिया भरू लागला तेव्हापासून मुंबईचे कितीतरी मोटारसायकलस्वार याच रस्त्याने खाली उतरले. ते इथे चहा प्यायले, इथेच त्यांनी चेन घट्ट करून घेतली. आणि आता आपल्यातली तरुण मुले म्हणू लागली आहेत की आंबेनळीत दरवर्षी हिल क्लाइंब, म्हणजे घाट चढण्याची शर्यत, भरवा, कंपन्या येतील, पैसा येईल, पायथ्याच्या पोलादपूरचे नाव होईल. या मागणीला हसून सोडून देणे मला मान्य नाही. तिला नीट उत्तर द्यायला हवे.

माझे उत्तर असे, की शर्यतीच्या दिवशी कंपनीला मिळते ती फक्त ओळख. विश्वास मिळतो तो उरलेल्या वर्षात, आणि तोही कंपनी त्या रस्त्यावर थांबली तर. जी थांबत नाही तिची शर्यतही टिकत नाही.

सुरुवात अगदी जुन्या शर्यतीपासून करू. १८९५ साली पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही शर्यत झाली. सगळ्यात आधी परत आला तो एमिल लव्हासोर, पण त्याची गाडी दोन आसनांची होती आणि पहिले बक्षीस चार आसनी गाडीलाच द्यायचे असा नियम होता, म्हणून ते पूजोला गेले. मला मात्र रस असतो तो त्या शर्यतीत मागे पडलेल्या एका गाडीत. ती चालवत होते आंद्रे आणि एदुआर मिशलॅं हे दोघे भाऊ. बाकीच्यांची चाके भरीव होती, यांनी हवेचे टायर लावले होते. ते वाटेत पुन्हापुन्हा फुटले. दोघे भाऊ रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलत राहिले आणि बक्षिसाच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. तरीही मोटार हवेच्या टायरवर शेकडो किलोमीटर जाऊ शकते हे त्यांनी लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. काही वर्षांत सगळ्या मोटारी हवेच्या टायरवर धावू लागल्या.

हा झाला शर्यतीचा दिवस. पुढचे ऐका. १९०० साली याच भावांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटे पुस्तक काढले. ३५,००० प्रती छापल्या आणि फुकट वाटल्या. फ्रान्समध्ये तेव्हा मोटारी होत्या जेमतेम काही हजार. कोणत्या गावी पेट्रोल मिळेल, मेकॅनिक कुठे, डॉक्टर कुठे, टायर कसा बदलायचा, हे सगळे त्यात होते. पुढे त्यांच्या मिशलॅं कंपनीने नकाशे काढले, रस्त्यांवर गावांची नावे आणि अंतरे दाखवणारे फलक उभे केले. लोक जितके फिरतील तितका टायर झिजेल हा हिशोब त्यात होताच, आणि तो काही लपवलेला नव्हता. पण त्या फलकाचा उपयोग दुसऱ्या कंपनीचा टायर लावणाऱ्यालाही होत होता. ब्रँडने रस्त्याशी नाते जोडणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, इंडियानापोलिस ५००चे. १९३६ साली लुई मायर ही शर्यत तिसऱ्यांदा जिंकला. उन्हाने आणि धुळीने घसा कोरडा पडलेला, त्याने बाटली तोंडाला लावली. बाटलीत ताक होते. फोटो वर्तमानपत्रात आला. दुधाच्या धंद्यातल्या एका अधिकाऱ्याने तो पाहिला आणि यापुढे विजेत्याने दूध प्यावे अशी व्यवस्था लावली. मध्ये काही वर्षे खंड पडला, १९५६पासून ती प्रथा पुन्हा रूढ झाली आणि आजही चालू आहे. १९९३ साली एमर्सन फिटिपाल्डी जिंकला. त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या, म्हणून त्याने दुधाआधी संत्र्याचा रस प्यायला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तिथल्या दूध उत्पादकांनी दरवर्षी, न चुकता, एकच साधी गोष्ट केली आणि ती लोकांची झाली. लोक रागावले ते आपली गोष्ट मोडली म्हणून. कितीही मोठे होर्डिंग लावले तरी हा राग विकत मिळत नाही.

आता आपल्या देशात या. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री झाली. एअरटेलचे नाव शर्यतीला जोडले होते. तिन्ही वर्षे सेबास्टियन वेटेल जिंकला. २०१३नंतर ती शर्यत झालीच नाही. करमणूक कर, आयात शुल्क, आयकर यांचे वाद होते, ते न्यायालयात गेले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनला इथे कर भरावा लागेल असा निकाल दिला. सप्टेंबर २०२३मध्ये त्याच ट्रॅकवर मोटोजीपी आली, इंडियन ऑइलचे नाव घेऊन. पुढच्या वर्षी आली नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागराच्या काठी विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. दुसऱ्या वर्षाची तारीख ठरलेली असताना ती रद्द झाली. तिन्ही शर्यतींत पैसा होता, गर्दी होती, टीव्ही होता. ट्रॅकच्या आसपासच्या गावातल्या किती जणांना आज त्या शर्यतीला जोडलेल्या कंपनीचे नाव आठवते, हे तिथे जाऊन विचारावे असे मला फार वाटते.

याच्या उलट मद्रासकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धातली एक सोडून दिलेली धावपट्टी शोलावरमला होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या. संस्थानिक आपापल्या गाड्या घेऊन येत, मेकॅनिक मंडळी घरी घडवलेल्या गाड्या घेऊन येत, आणि लोक उन्हात उभे राहून बघत. पुढे क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला. एमआरएफ आणि टीव्हीएस या कंपन्या त्याच मातीत वाढल्या. टीव्हीएसने १९८२ साली शर्यतीसाठी वेगळा संघच उभा केला. त्यांचे अभियंते शनिवारी–रविवारी गाडी मोडेपर्यंत चालवत आणि सोमवारी कारखान्यात येऊन मोडलेला भाग टेबलावर ठेवत. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला तो या सगळ्या परंपरेतून. तिथल्या गॅरेजातल्या पोराला कंपनीचे नाव जाहिरातीतून कळलेले नसते, त्याने ते हाताने पुसलेले असते.

आपल्या महाराष्ट्रात काय आहे? कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. कृष्णराज महाडिकसारखा मुलगा कोल्हापुरातून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या. पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅलींतून पुढे डाकारच्या वाळवंटापर्यंत गेले. २०२४च्या सुरुवातीला बालेवाडीत मातीचा ढीग घालून सुपरक्रॉसची लीग सुरू झाली, तिच्या नावात तेव्हा सिएट होते. हे सगळे चांगले आहे. पण ब्रँड आणि शर्यत यांचे नाते समजून घ्यायला मी विद्यार्थ्यांना नेहमी एक लहान शर्यत दाखवतो. ती आपल्यापासून फार लांब नाही.

मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात पावसाळ्यात स्कूटरची रॅली भरत असे. स्पोर्ट्सक्राफ्ट ही संस्था ती भरवी आणि गल्फ ऑइल या कंपनीचे नाव तिला वर्षामागून वर्षे जोडलेले राहिले. स्कूटर म्हणजे आपण बाजारात भाजी आणायला नेतो तीच. लहान चाके, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंची, आणि वर पाऊस. रॅलीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक स्पर्धक ठरावीक अंतराने निघतो. मधला रस्ता वाहतुकीचे नियम पाळून, ठरल्या वेळात कापायचा आणि बंद केलेल्या कच्च्या टप्प्यावर जोर लावायचा. चिखलात चाक रुतते, प्लगमध्ये पाणी जाते, इंजिन तापते. पुण्या–नाशिकचे गडी त्यात उतरत. कडेला छत्री धरून उभा असलेला माणूस बघतो की आपल्याकडे आहे तीच गाडी या चिखलातून बाहेर आली.

ऑइलच्या कंपनीला यापेक्षा जास्त काय हवे? ऑइल दिसत नाही. डबा उघडला तर सगळी तेले सारखीच दिसतात. गिऱ्हाईक ते निवडते मेकॅनिकच्या सांगण्यावरून. म्हणजे कंपनीला जिंकायचे असते मेकॅनिकचे मन, आणि मेकॅनिक टीव्हीवरच्या नटीवर विश्वास ठेवत नाही. तो विश्वास ठेवतो दुसऱ्या मेकॅनिकवर. रॅलीत स्पर्धकाइतकाच त्याचा मेकॅनिक राबतो, आणि तो परत आपल्या गल्लीत येऊन सांगतो. अमेरिकेत मोटारींचे डीलर म्हणत, रविवारी जिंका आणि सोमवारी विका. आपल्याकडे सोमवारची विक्री गॅरेजच्या ओट्यावर होते. मोठमोठ्या शर्यतींवर खर्च करणाऱ्या मंडळींना हा ओटा दिसत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे. शर्यतीला नाव देण्याच्या हक्कासाठी एक रुपया मोजला, तर तो हक्क वापरण्यासाठी निदान आणखी एक रुपया बाजूला ठेवावा. हा दुसरा रुपया कुठे जातो यावर सगळे अवलंबून असते. मी ज्या कंपनीत होतो तिथे एका वर्षी तो सगळा रुपया पाहुण्यांच्या मंडपावर, जेवणावळीवर आणि फुग्यांच्या कमानीवर गेला. शर्यत संपली, मंडप निघाला आणि आमच्या डीलरांना सांगण्यासारखे काहीही उरले नाही. पुढच्या वर्षी वरिष्ठांनी शर्यतीलाच दोष देऊन ती सोडली. दोष शर्यतीचा नव्हता.

आता जे बोलायचे ते या गावात बोलणे मला सोपे जात नाही, पण त्याशिवाय हा विषय अपुरा राहील.

शर्यतीत माणसे मरतात. १९५५ साली ल मां इथे एक मर्सिडीज प्रेक्षकांत शिरली आणि ८०हून अधिक माणसे गेली. मर्सिडीज त्या हंगामानंतर अनेक दशके ट्रॅकपासून दूर राहिली. १९५७ साली इटलीतल्या मिल्ले मिल्या या शर्यतीत गुइदित्सोलो गावाजवळ फेरारीचा टायर फुटला. चालक आणि त्याचा जोडीदार गेलेच, रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जणही गेले. त्यात पाच मुले होती. सार्वजनिक रस्त्यावरची ती शर्यत तिथेच संपली आणि एन्झो फेरारींवर कित्येक वर्षे खटला चालला. आपल्या देशात सप्टेंबर २०१९मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असताना बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातली तीन माणसे मेली. रस्ता कागदावर बंद होता. गावाला तो बंद वाटला नाही, कारण गावासाठी तो शेताकडे जाणारा नेहमीचा रस्ता होता.

महाडकरांना रस्त्याने काय घेतले हे मी सांगायची गरज नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल गेला, दोन एसटी गाड्या आणि एक मोटार नदीत गेली. पुलाशेजारच्या गॅरेजमधल्या कामगाराने पाण्यापावसात उभे राहून पुढच्या गाड्या अडवल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. बाकीच्यांना वर काढायला दोर घेऊन उतरले ते इथले आणि महाबळेश्वरचे ट्रेकर तरुण. २२ जुलै २०२१ला तळिये गाव दरडीखाली गाडले गेले, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या. वरंध घाट तर दर पावसाळ्यात बंद करावा लागतो.

म्हणून आंबेनळीत हिल क्लाइंब भरवा या मागणीला माझे उत्तर आज तरी ‘नको’ असे आहे. त्या रस्त्याला पर्याय नाही. वरून स्ट्रॉबेरीच्या पेट्या उतरतात, खालून मासळी चढते, आजारी माणूस नेणारी गाडी त्याच वळणावरून येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैद आहे. रविवारी पहाटे मोबाईलवर चित्रण करत घाटात गाड्या पिदडणाऱ्या मुलांनाही हेच कलम लागते. त्यांच्या डोक्यात ते वेड कुठून येते, याचे उत्तर आमच्या धंद्याने द्यायला हवे. जाहिरातींच्या आचारसंहितेत वेग आणि धोकादायक चालवणे यांना उत्तेजन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, तरी खाली बारीक अक्षरात ‘हे करू नका’ छापून वर तेच करून दाखवणाऱ्या जाहिराती मी माझ्या डोळ्यांसमोर मंजूर होताना पाहिल्या आहेत.

मग शर्यत नकोच का? तसे मी म्हणत नाही. घाटमाथ्याच्या पलीकडे, मुळशीच्या डोंगरात, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची सरळ पट्टीवरची शर्यत भरत आली आहे. बंद जागा, दोन गाड्या, पाव मैलाचे अंतर. मोटारीचे वेड असलेल्या मुलाला असे ठिकाण मिळाले तर तो घाटातून उतरतो. महाड औद्योगिक वसाहतीच्या अंगाने कुठे मातीचा ट्रॅक होऊ शकेल का, पावसाळ्यानंतर भातखाचरे मोकळी झाल्यावर वर्षातून एकदा मोटारसायकलची डर्ट ट्रॅक शर्यत होऊ शकेल का, हे जाणकारांनी बसून पाहावे. आपल्याला शर्यत भरवण्याचा सराव आहे. बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये ती उठली आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा कायम केला. त्या काळात गावोगावच्या लोकांनी कागद, अटी, पशुवैद्य, परवानगी हे सगळे शिकून घेतले. आज अशा शर्यतींत बक्षीस म्हणून मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप उभी असते आणि डीलरचा फलक बैलाइतकाच दिसतो. म्हणजे मोटारीच्या कंपन्या आपल्या वार्षिक शर्यतीत केव्हाच आलेल्या आहेत. प्रश्न त्यांच्याकडून आपण काय मागतो एवढाच आहे.

उद्या एखादी टायरची, ऑइलची, ब्रेकची कंपनी इथे शर्यत घेऊन आली, तर दुसरा रुपया घाटात मागा. पावसाळ्याआधी महिनाभर पोलादपूर नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ब्रेकची आणि टायरच्या खाचांची मोफत तपासणी मागा. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे जुन्या एसटी चालकाला सांगावे लागत नाही. पण मुंबई–पुण्याहून पहिल्यांदा येणारा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, ब्रेक तापून लागेनासे होतात आणि मग दरी असते. वरच्या नाक्यावर हे सांगणारा माणूस आणि फलक मागा, कंपनीचे नाव त्यावर खुशाल असू द्या. दरीत उतरणाऱ्या आपल्या ट्रेकर मुलांना दोर, हार्नेस, स्ट्रेचर आणि विमा मागा. इथल्या गॅरेजमधल्या पोरांना शर्यतीच्या संघात मदतनीस म्हणून घ्यायला सांगा, रोज देऊन. शर्यतीच्या दिवशी मार्शल म्हणून उभे राहणारे गावातले असावेत, कारण कोणती पायवाट कुठे रस्त्याला मिळते हे त्यांनाच माहीत असते, आणि बाडमेरला तेच कमी पडले. रस्ता बंद राहण्याची वेळ एसटीच्या आगाराशी, दवाखान्याशी आणि शाळेशी बोलून ठरवा, आदल्या आठवड्यात वाडीवाडीवर दवंडी द्या.

आणि हे सगळे करारात लिहून घ्या, मराठीत, एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवून. करार निदान पाच वर्षांचा मागा. एका वर्षाचाच करार पुढे केला तर शर्यतीला जागा देऊ नका.